थंडीतला डिस्क गोल्फ: जाड ग्लोव्ह घातला की डिस्क सटकते, पातळ घातला की बोटं बधिर, यावर काय करायचं

डिस्क गोल्फ म्हणजे प्लास्टिकची चकती, म्हणजे डिस्क, फेकत फेकत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ, आणि एकेका बास्केटपर्यंतच्या टप्प्याला होल म्हणतात. दर डिसेंबरला हीच कटकट सुरू होते. जाड हातमोजे घातले की हात गरम राहतात पण डिस्क हातात आहे की नाही तेच कळत नाही, आणि पातळ रबरी ग्रिपवाले घातले की पहिले चार होल झकास जातात आणि पाचव्याला बोटं लाकडासारखी होतात. मग माणूस आणखी जाड आणतो, नाहीतर आणखी चिकट आणतो, आणि जानेवारीत पुन्हा तिथेच.

मी मिनेसोटात राहते, मिनिआपोलिसच्या बाजूला. इथे जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी उणे १३ सेल्सिअसच्या आसपास असतं आणि दिवसासुद्धा शून्याच्या वर येईलच असं नाही, तरी लोक खेळतात, बास्केट काही बर्फात पुरून जात नाहीत. माझं माहेर इचलकरंजीचं, लहानपण मागांच्या खडखडाटात गेलं आणि आत्या घरी ब्लाउज शिवायची, त्यामुळे कापड हातात घेतलं की ते कुठे ताणेल आणि कुठे नाही एवढं कळतं. गेली सहा वर्षं मी स्वतःचे हातमोजे स्वतः शिवतेय, आणि आता माझं ठाम मत झालंय की आपण सगळे एकाच कापडाकडून दोन कामं मागतो आणि तिथेच गडबड होते. उबेचं काम हाताच्या पाठीने आणि मनगटाने करायचं, पकडीचं काम बोटांच्या आतल्या बाजूने. या दोन बाजू वेगळ्या कापडाच्या, वेगळ्या जाडीच्या असायला हव्यात. खाली जे लिहितेय ते सगळं यातूनच आलंय.

आधी डिस्क कुठे जातेय ते बघा

ग्लोव्हला दोष द्यायच्या आधी हे करा. तुम्ही उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन हाताची पाठ पुढे ठेवून, फेकत असाल आणि डिस्क सारखी डावीकडे जात असेल तर ती लवकर सुटतेय, म्हणजे सटकतेय. सारखी उजवीकडे जात असेल तर उशिरा सुटतेय, म्हणजे ग्लोव्ह तिला धरून ठेवतोय, ज्याला ग्रिप लॉक म्हणतात ते. फोरहँडला, म्हणजे तळवा पुढे ठेवून फेकताना, बरोबर उलटं. डावखुरे असाल तर सगळंच उलटं धरा. आणि कधी डावीकडे कधी उजवीकडे असं होत असेल तर बहुतेक वेळा पाय घसरत असतो किंवा बोटांना संवेदनाच राहिलेली नसते, तिथे कितीही चांगली ग्रिप लावा, उपयोग नाही.

खात्री करायची तर एक पटर, म्हणजे जवळून टाकायची डिस्क, घ्या, पाच वेळा उघड्या हाताने फेका, पाच वेळा ग्लोव्ह घालून, त्याच जागेवरून, हात गरम असताना, म्हणजे गाडीतून उतरल्या उतरल्या. हात गरम असतानाच ग्लोव्हने फरक पडत असेल तर दोष पकडीचा. सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासाने बिघडत असेल तर दोष उबेचा किंवा ओलीचा. एवढं एक कळलं की निम्मं काम झालं, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि चुकीचा केला की वाढतंच.

बोटं बधिर होतात पण ग्लोव्ह तर चांगला जाड आहे

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने सोडवला जाणारा प्रकार, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

शरीराला गारठा लागला की ते पोटाची-छातीची ऊब वाचवायला बघतं आणि हातापायाच्या बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. बोटं स्वतःहून काही ऊब तयार करत नाहीत, त्यांच्यात स्नायू जवळजवळ नाहीतच, मूठ आवळणारे मोठे स्नायू कोपराच्या खालच्या भागात असतात आणि तिथून कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. म्हणजे बोटांकडे ऊब येते ती फक्त रक्ताबरोबर, आणि ते रक्त येतं मनगटातून, जिथे नाडी अगदी कातडीच्या खाली असते, डॉक्टर तिथेच तर बोट ठेवून बघतात. आता तुमचा ग्लोव्ह मनगटाच्या हाडाशी संपतो, जॅकेटची बाही थ्रो करताना वर सरकते, आणि मधली चार बोटं रुंद जागा उणे दहाच्या वाऱ्यात उघडी. रक्त तिथेच गार होऊन पुढे जातं. मग बोटांवर कितीही थर चढवा, थर ऊब निर्माण करत नाही, आलेली ऊब फक्त धरून ठेवतो.

मला हे कळलं ते योगायोगाने. कपोसिया पार्कला खेळत होतो, साउथ सेंट पॉलमध्ये, चढउताराचा कोर्स आहे झाडीतला, आणि त्या दिवशी ग्लोव्ह घरी विसरले होते. जवळ होता तो माझ्या मुलीचा जुना लोकरी पायमोजा, बॅगेत कधीचा पडलेला. त्याचं टोक कातरीने कापलं, अंगठ्यासाठी एक भोक पाडलं आणि बोटांच्या मुळापासून मनगट आणि कोपराच्या मध्यापर्यंत चढवला. बोटं पूर्ण उघडी. आणि त्या दिवशी माझी बोटं नवव्या होलपर्यंत टिकली, जी नेहमीच्या जाड हातमोज्यात सहाव्याला जायची. तेव्हापासून मी आधी बाही करते मग ग्लोव्ह.

तर उपाय असा. मेरिनो लोकरीची किंवा पॉलिएस्टर फ्लीसची (लवदार गरम कापडाची) बाही, बोटांच्या मुळापासून निदान मनगट आणि कोपराच्या मध्यापर्यंत, अंगाला लागून पण आवळणारी नाही. इलॅस्टिक घट्ट घातलं तर रक्तच अडतं, बाही काढल्यावर कातडीवर वळ दिसत असेल तर इलॅस्टिक सैल करा. ही बाही जॅकेटच्या आत जायला हवी आणि ग्लोव्हचं तोंड तिच्यावर यायला हवं. छातीवर एक बिनबाह्यांचं जॅकेट वाढवा, हे ऐकायला विचित्र वाटेल पण अंग गरम असलं तर शरीर बोटांचं रक्त तोडत नाही, आणि बिनबाह्यांचं असल्यामुळे थ्रोला आडवंही येत नाही.

ग्लोव्हमध्ये पाठीच्या बाजूला दोन थर: बाहेरून वारा अडवणारं विणीचं कापड, आतून फ्लीस. बोटांच्या पाठीवर हा थर नखांपर्यंत न्या. तळव्याकडे आणि बोटांच्या आत मात्र एकच थर, अर्धा पाऊण मिलिमीटर, बस. तिथे फ्लीस घालायचा मोह होतो, मलाही झाला होता, घालू नका.

आणि सुती अस्तर तर अजिबातच नको. मी सुताच्या गावची आहे, उन्हाळ्यात सुतीशिवाय अंगाला दुसरं काही लावत नाही, पण इथे सुती म्हणजे ओला फडका हातात धरून चालल्यासारखं. घाम पितं आणि सोडत नाही.

गरम पुड्या टाकल्या तरी गार

हे बऱ्याच जणांचं होतं. त्या हँड वॉर्मरच्या पुडीत लोखंडाची पूड, मीठ, कोळशाची भुकटी असं असतं आणि लोखंड गंजताना जी ऊब निघते ती आपल्याला मिळते. गंजायला हवा लागते. तुम्ही ती पुडी घट्ट ग्लोव्हमध्ये किंवा चेन लावलेल्या खिशात कोंबली की हवा मिळत नाही आणि ती अर्धवट मरते. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी फोडा, हलवा, उघड्यावर ठेवा, मग कमरेला बांधायच्या मफच्या पिशवीत टाका. मफ म्हणजे दोन्ही बाजूने हात घालता येतो ती लोडासारखी पिशवी. खरं सांगायचं तर उणे दहाच्या खाली फेकायचा हात दोन थ्रोंच्या मधे मफमध्येच हवा, ग्लोव्हने फक्त फेकण्याचे दोन मिनिटं सांभाळायचे. असं एकदा मनाशी ठरवलं की ग्लोव्ह पातळ करायची भीती जाते.

डिस्क सटकते

आधी तापमान बघा. उणे पंधराला बर्फ कोरडा असतो, पिठासारखा, झटकला की जातो. खरा त्रास शून्य ते उणे तीनच्या मधे, बर्फ अर्धा ओला, हात लागला की पाणी, पाणी लागलं की थोड्या वेळाने पातळ काचेसारखा थर. म्हणजे जेवढा गारठा जास्त तेवढी पकड वाईट असं नाहीये, उलट आहे. मी आता दोन जोड्या ठेवते, एक ओल्या थंडीची आणि एक सुक्या थंडीची, आणि एकीचं काम दुसरीकडून करून घ्यायचा हट्ट सोडलाय.

दुसरं, डिस्क गाडीच्या हीटरसमोर ठेवून आणू नका. गरम डिस्क बर्फात पडली की तिला लागलेला बर्फ वितळतो, तुम्ही उचलेपर्यंत तो पुन्हा गोठतो आणि कडेच्या आत, जिथे बोटं धरतात, तिथे बर्फाची रेघ बसते. डिस्क आधीपासून गार असेल तर बर्फ चिकटत नाही. हे खरं की गारठ्यात प्लास्टिक कडक होतं, महागातलं प्रीमियम प्लास्टिक तर टाइलसारखं लागतं, म्हणून हिवाळ्यात मी साध्या बेस प्लास्टिकच्या, जरा मऊ डिस्क वापरते. झाडावर आपटून त्यातली एखादी तडकू शकते, ते धरून चाला.

टॉवेल दोन हवेत, एक बॅगेला आणि एक जॅकेटच्या आत, कारण बाहेरचा पाऊण तासात पापडासारखा कडक होतो.

आता कापड. पकडीसाठी लोक रबराचे ठिपके असलेले कामाचे हातमोजे घेतात, स्वस्त मिळतात, आणि दुकानात हातात घेतल्यावर मस्त चिकट लागतात. दुकानात तापमान वीस असतं ना. पीव्हीसीचे ठिपके थंडीत दगड होतात. नायट्राइल त्यापेक्षा बरं पण उणे पंधराला तेही ताठ होतं. सिलिकॉन मऊ राहतं, त्याला आपल्या थंडीचं काही वाटतच नाही, फक्त ते कापडाला नीट धरत नाही आणि सोलून निघतं. सिंथेटिक स्वेड, म्हणजे बारीक लव असलेलं कृत्रिम चामडं, हे थंडीत जवळजवळ तसंच राहतं आणि किंचित ओलं झालं तर आणखी चांगलं धरतं, पण चिंब झालं की संपलं.

हे घरी तपासता येतं, त्याला काही लागत नाही. कापडाचे तुकडे कापा, पाटाला किंवा फळीला ताणून लावा, वर डिस्क पालथी ठेवून तिच्यावर एक वजन ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला, ज्या उंचीला डिस्क घसरते तिथे पेन्सिलने खूण करा. मग सगळंच्या सगळं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, घरच्या फ्रीजरला उणे अठरा असतं, आणि सकाळी काढल्या काढल्या परत करा. तिसऱ्या वेळी पाण्याचा फवारा मारून करा. तीन खुणा बघितल्या की कुठलं कापड कशाला घ्यायचं ते कोणी सांगावं लागत नाही. माझ्याकडे पीव्हीसीची फ्रीजरनंतरची खूण कुठच्या कुठे खाली आली होती, स्वेडची जवळपास तिथेच.

मी शेवटी स्वेडवर सिलिकॉनचे ठिपके असं करते. खिडक्यांना लावायचं पारदर्शक सिलिकॉन सीलंट, ते थोड्या मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायचं द्रावण) पातळ करायचं, खिडकी उघडी ठेवून, म्हणजे ते कापडात मुरतं आणि सोलत नाही. मेंदीच्या कोनात भरायचं. हो, मेंदीचाच कोन, दिवाळीला मुलींच्या हातावर काढताना जेवढं बारीक टोक कापतो तेवढंच कापायचं, आणि मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं अनामिका, या दोघांच्या पहिल्या पेरावर मोहरीएवढे ठिपके द्यायचे, मधे मोहरीएवढीच जागा सोडून. ती मधली जागा महत्त्वाची, पाणी तिथून निघून जातं, सलग थर दिला तर पाण्याचा पडदा तयार होतो आणि डिस्क त्याच्यावर तरंगते. पूर्ण एक दिवस सुकू द्या, घाई केली तर डिस्कला डाग पडतात.

उशिरा सुटते, उजवीकडे जाते

ग्रिप जास्त झाली, विशेषतः अंगठ्याला. अंगठा डिस्कच्या वर असतो आणि त्याने शेवटच्या क्षणी सोडायचं असतं. अंगठ्यावर ठिपके देऊ नका, नुसतं स्वेड ठेवा. तरी होत असेल आणि पहिल्या बोटावर ठिपके दिले असतील तर तेही काढा. रबराचा अख्खा तळवा असलेल्या तयार ग्लोव्हमध्ये हे फार होतं, तिथे अंगठ्याच्या टोकाला चिकटपट्टीचा गुळगुळीत तुकडा लावून बघा, फरक पडला तर कारण सापडलं. नियमाची काळजी नको, पीडीजीएच्या, म्हणजे डिस्क गोल्फच्या व्यावसायिक संघटनेच्या, नियमांत हातमोजे आणि टेप दोन्ही चालतात.

बोटाचं टोक दुमडतं

ड्रायव्हरची, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कची, कड दोन-अडीच सेंटीमीटर रुंद असते आणि बोटं तिच्या आत वळून बसतात, तिथे ग्लोव्हचं टोक तीन-चार मिलिमीटर जरी रिकामं असलं तरी ते घडी होऊन बोट आणि प्लास्टिकच्या मधे येतं आणि पकड गेली. लोक म्हणतात मोठा साइज झाला. साइज बरोबर असतो, कापड चुकीचं कापलेलं असतं. ताण नेहमी हाताच्या आडव्या दिशेला यायला पाहिजे, बोटांच्या लांबीच्या दिशेला नाही. उभा ताण दिला की नवीन असताना छान बसतो आणि आठ दिवसांत बोटं लांबतात. आत्या ब्लाउजचं कापड टेबलावर टाकण्याआधी दोन्ही हातांनी आधी उभं मग आडवं ओढून बघायची आणि मगच खडू हातात घ्यायची, मला तेव्हा वाटायचं उगाच वेळ घालवते. तयार ग्लोव्ह घेताना तुम्हीही तेच करा, दुकानातच बोट धरून ओढा, लांबीला ताणलं तर परत ठेवा.

शिवण बाहेरून घ्या. आतून शिवण आली की टोकाशी गाठीसारखं लागतं आणि सगळा जोर त्या गाठीवर येतो. बाहेरची शिवण दिसायला ओबडधोबड दिसते, दिसू दे. आणि बोटं सरळ कापू नका, हात सैल सोडल्यावर बोटं जेवढी आपोआप वळतात तेवढा बाक कापतानाच द्या, म्हणजे डिस्क धरताना कापडाशी झगडावं लागत नाही आणि तळव्यात चुण्या पडत नाहीत.

अस्तर उलटं बाहेर येतं

घामाने हात ओला, ग्लोव्ह काढला, अस्तर हाताबरोबर बाहेर, आणि मग उणे दहात उभं राहून एकेक बोट आत ढकलत बसा. अस्तर टोकाला टाचलेलं नसतं म्हणून होतं. प्रत्येक बोटाच्या टोकाशी, नखाच्या बाजूला, दोन टाके हाताने घाला, बाहेरच्या कापडाच्या शिवणीत पकडून. पाच मिनिटांचं काम आहे आणि तयार ग्लोव्हलाही करता येतं. नाहीतर मी म्हणते तसं तळव्याकडे अस्तरच ठेवू नका.

काल चांगली होती, आज ग्रिपच नाही

धुतलात का? कपडे मऊ करणारं ते सुगंधी लिक्विड घातलं असेल तर ते धाग्यांवर एक थर सोडतं आणि स्वेड बुळबुळीत होतं. नुसत्या साबणाने दोनदा कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, लहान मुलांच्या जुन्या टूथब्रशने लव उभी करा.

नाहीतर हाताला लावलेलं. इथे हिवाळ्यात हातांना भेगा पडतात म्हणून आपण क्रीम चोपडतो, मी खोबरेल लावायचे, ते इथे बाटलीत हिवाळाभर थिजलेलंच असतं, हातावर वितळतं, ग्लोव्हमध्ये मुरतं आणि गारठ्यात पुन्हा थिजतं. डिस्कच्या कडेवर पांढुरका हात उमटलेला दिसला तेव्हा कळलं. आता रात्री झोपताना लावते आणि सकाळी साबणाने धुऊन निघते.

एक गोष्ट मात्र ग्लोव्हने सुटणारी नाही. आमच्यात एक काका आहेत, त्यांची दोन बोटं थोड्या गारव्यातही एकदम पांढरीफटक पडायची, मग निळसर, घरी आल्यावर लाल होऊन ठणकायची. त्यांनी चार ग्लोव्ह बदलले. शेवटी डॉक्टरांना दाखवलं तर रेनॉ म्हणून प्रकार निघाला, त्यात रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आकसतात. असं होत असेल तर आधी डॉक्टर. आणि कोणाचंही बोट पांढरं, मेणासारखं झालं आणि टोचलेलं कळेना तर राउंड तिथेच सोडून आत जा, बर्फाने चोळू नका, हीटरसमोर धरू नका, कारण बोटाला कळत नसताना भाजतं. अंगाला लागेल इतपत कोमट पाणी, ३७ ते ३९ अंश, त्यात बुडवा आणि दवाखाना गाठा.

काकांसाठी आता मी एक वेगळं करतेय, आखूड बोटांच्या पातळ ग्लोव्हवर मिटनसारखी (चारही बोटं एकत्र झाकणारी) टोपी, जी मागे मनगटावर पलटते. पहिल्या जोडीत टोपी थ्रोच्या वेळी फडफडून डिस्कला लागली. दुसऱ्या जोडीत मागे दोन छोटी लोहचुंबकं शिवली, टोपी मागे टेकली की चिकटून बसते. अंगठ्याच्या मुळाशी शिवण अजून उसवतेय, तिथे चारही बाजूंनी ताण येतो, तर ब्लाउजच्या काखेत घालतात तसा चौकोनी कळीचा तुकडा घालून बघणार आहे. कापड कापून ठेवलंय, शनिवारी शिवते.